ज्ञाताकडून अज्ञाताकडे : मुलांना जगाची ओळख करून देणारी शैक्षणिक संकेतस्थळे

गोषवारा

मुलांना जगाची ओळख करून देणारी शैक्षणिक संकेतस्थळे आज मुबलक आहेत. तथापि, जग पाहणे आणि जग समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात आंतरजालावरील नकाशे, ‘डॉलर स्ट्रीट’ हा छायाचित्रसंग्रह आणि ‘ग्लोब’ हा शालेय निरीक्षण-उपक्रम या तीन उदाहरणांच्या आधारे एक मत मांडले आहे. मुलाला स्वतःच्या जागेवरून तुलना किंवा मोजणी करावयास लावणारे संकेतस्थळच त्याचे जग खऱ्या अर्थाने विस्तारते आणि हा दुवा जोडण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते, असे हे मत आहे.

बीजशब्द : शैक्षणिक संकेतस्थळे, भूगोल अध्यापन, नकाशा प्रक्षेपण, परिसर अभ्यास, शालेय निरीक्षणे.

१. प्रस्तावना

‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे अध्यापनशास्त्रातील एक जुने व सर्वपरिचित सूत्र होय. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणात परिसर अभ्यासाची रचना याच सूत्रावर उभी राहिली. प्रथम घर, शाळा व गाव, तिसरीत आपला जिल्हा, पुढे महाराष्ट्र, मग भारत आणि शेवटी जग, अशी ती चढण होती. या क्रमात वेळ जात असे. परंतु प्रत्येक पायरीवर मुलाच्या हाती मागील पायरीचे एक माप असे. नदी म्हणजे काय हे गावच्या ओढ्यावरून कळलेले असल्याने नाईल नदीचे वर्णन वाचताना त्याला कल्पनेचा आधार मिळे.

आंतरजालाने हा क्रम उलटा केला. संगणकाच्या पडद्यावर मूल पहिल्याच क्षणी अंटार्क्टिकावर जाऊ शकते आणि स्वतःच्या तालुक्यात मात्र ते कधीच पोहोचत नाही, असेही घडू शकते. यात केवळ तोटा आहे असे नव्हे. दूरच्या जगाचे कुतूहल ही मोठी शैक्षणिक शक्ती आहे आणि छापील पुस्तकाला जे दाखवता येत नाही ते संकेतस्थळ दाखवू शकते. प्रश्न इतकाच आहे की, अज्ञातापासून सुरू झालेला प्रवास ज्ञातापर्यंत परत कसा आणावयाचा? ही परतवाट नसेल तर जग म्हणजे चित्रविचित्र दृश्यांचे संग्रहालय ठरते. त्यात मूल प्रेक्षक असते, रहिवासी नसते.

मराठी माध्यमातील मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. बहुतेक जागतिक संकेतस्थळे इंग्रजीत असून ती अन्य समाजांतील मुलांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली आहेत. अशा ठिकाणी आपल्याकडील मुलाला आपले गाव एकतर दिसत नाही किंवा ते ‘दूरचा देश’ म्हणून दिसते. म्हणूनच संकेतस्थळांची केवळ यादी देण्यापेक्षा ती कोणत्या प्रकारे शिकवतात याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

२. नकाशा : जग कोणाच्या मापाने?

गूगल मॅप्स व गूगल अर्थ या दोन्ही सेवा २००५ साली सुरू झाल्या. तेव्हापासून मुलाची जगाच्या नकाशाशी पहिली भेट भिंतीवरील नकाशाऐवजी पडद्यावर होऊ लागली. आंतरजालावरील बहुसंख्य सपाट नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका रूपावर आधारलेले असतात. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली हे प्रक्षेपण मांडले ते नाविकांसाठी. या नकाशावर दिशा सरळ रेषेने दाखवता येते. मात्र त्याची किंमत क्षेत्रफळाच्या रूपाने मोजावी लागते. विषुववृत्तापासून दूर जावे तसे प्रदेश फुगत जातात. ६० अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते.

याचा परिणाम असा की, ग्रीनलंड हे बेट आफ्रिका खंडाएवढे भासते. वास्तविक आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटर असून ग्रीनलंडचे सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळजवळ चौदा पट आहे. भारताचे क्षेत्रफळ ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ग्रीनलंडच्या दीडपट. परंतु पडद्यावर भारत त्याच्यापुढे लहानसा दिसतो. उष्ण कटिबंधातील देश लहान आणि उत्तरेकडील देश विस्तीर्ण, असा ठसा मुलाच्या मनावर कोणी न शिकवताच उमटतो.

येथे संकेतस्थळाने खोटे सांगितले, असे म्हणता येणार नाही. शहरातील रस्ते पाहताना कोन व आकार बिघडू नयेत, तसेच नकाशाचे चौकोनी तुकडे एकमेकांना बिनचूक जोडता यावेत, यासाठी हे प्रक्षेपण सोयीचे आहे. गल्ली शोधण्यास जे साधन उत्तम, तेच खंडांची तुलना करण्यास अयोग्य ठरते. गूगल मॅप्सने २०१८ साली संगणकावरील नकाशा पूर्णपणे दूर नेल्यास पृथ्वीगोल दिसेल अशी सोय केली. ‘द ट्रू साइझ’ या संकेतस्थळावर एखाद्या देशाची आकृती उचलून दुसऱ्या अक्षवृत्तावर नेता येते आणि ती तेथे कशी आकसते किंवा फुगते हे पाहता येते.

तथापि, खरा पाठ याहून साध्या साधनांनी घेता येतो. शाळेतील पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंडची बाह्यरेषा काढावी, ती कापून आफ्रिकेवर व भारतावर ठेवावी आणि मग पडद्यावरील नकाशा पुन्हा पाहावा. गोल आणि पडदा एकमेकांशी सहमत नाहीत, हे मुलाला स्वतःच्या हाताने कळले की पुढचा प्रश्न तोच विचारते : मग खरे कोणते? नकाशा हे जग नसून विशिष्ट हेतूने केलेले जगाचे चित्रण आहे, ही जाण या प्रश्नातून येते. सीमारेषांबाबतही हेच लागू आहे. वादग्रस्त सीमा वेगवेगळ्या देशांत पाहणाऱ्यांना वेगवेगळ्या दाखविल्या जातात. परदेशी संकेतस्थळावरील भारताची सीमा पाठ्यपुस्तकातील नकाशाशी जुळत नसल्यास तो प्रसंग टाळू नये. नकाशा कोण काढतो, हे समजावण्याची ती संधी असते.

३. घर : परदेश म्हणजे पराया नव्हे

जगाची ओळख म्हणजे राजधान्या, ध्वज आणि चलने यांची यादी, अशी समजूत अनेक संकेतस्थळांनी जोपासली आहे. त्याहून वेगळा विचार ‘डॉलर स्ट्रीट’ या प्रकल्पात आढळतो. स्वीडनमधील गॅपमाइंडर या संस्थेच्या सहसंस्थापक आना रोसलिंग रोनलुंद यांच्या कल्पनेतून तो साकारला आणि २०१६ साली लोकांसमोर आला. सारे जग एका रस्त्यावर राहते, अशी येथील कल्पना आहे. सर्वांत गरीब कुटुंबाचे घर रस्त्याच्या डाव्या टोकाला, सर्वांत श्रीमंताचे उजव्या टोकाला आणि उरलेले सर्व मध्ये. पन्नासच्या आसपास देशांतील अडीचशेहून अधिक घरांतील छायाचित्रांनी हा संग्रह उभा राहिला. चूल, अंथरूण, पाणी साठवण्याची भांडी, दात घासण्याचे साधन, शौचालय, मुलांची खेळणी अशा एकेका वस्तूनुसार ही छायाचित्रे पाहता येतात. घराचा क्रम ठरविताना विविध देशांतील किमतींचा फरक लक्षात घेऊन उत्पन्न डॉलरमध्ये मांडले आहे.

या मांडणीतून एक गोष्ट चटकन लक्षात येते. समान उत्पन्नाच्या घरांतील चुली देश बदलला तरी एकमेकींसारख्या दिसतात आणि एकाच देशातील दोन टोकांच्या घरांतील चुली मात्र एकमेकींना ओळखतही नाहीत. ‘आफ्रिकेतील लोक असे राहतात’, ‘चीनमधील लोक असे राहतात’ या धर्तीच्या वाक्यांना त्यामुळे आपोआप तडा जातो. तीन दगडांची चूल किंवा दारातील पाण्याचा पिंप दुसऱ्या खंडातील घरातही पाहणाऱ्या मुलाला परदेश प्रथमच परका वाटत नाही.

या संग्रहालाही मर्यादा आहेत आणि त्या वर्गात सांगितल्या पाहिजेत. एक कुटुंब म्हणजे एक देश नव्हे. छायाचित्र एका दिवसाचे असते. पावसाळ्यात गळणारे छप्पर उन्हाळ्यातील छायाचित्रात दिसत नाही. उत्पन्नाने चूल कळते, परंतु त्या घरात पाणी कोण भरते, सर्वांच्या शेवटी कोण जेवते, कोणत्या वस्तीला कोणत्या विहिरीवर मज्जाव होता, हे कळत नाही. लिंगभाव, जात व इतिहास यांचे प्रश्न उत्पन्नाच्या एका रेषेवर मावत नाहीत.

याहून नाजूक बाब वर्गातील आहे. आपल्याकडील सरकारी वा अनुदानित शाळेचा वर्ग हाच एक लहानसा ‘रस्ता’ असतो. एकाच बाकावर पक्क्या घरातील आणि पत्र्याच्या खोलीतील मुले शेजारी बसतात. अशा वर्गात शिक्षकाने ‘असे घर कोणाचे आहे?’ असा प्रश्न विचारला, तर जगाची ओळख करून देणारा पाठ एखाद्या मुलासाठी मानहानीचा पाठ ठरेल. त्यामुळे चर्चा मुलांच्या घरांवर न नेता वस्तूवर ठेवणे इष्ट होय. उदाहरणार्थ, पाणी साठवण्याची पाच साधने पाहून ती कोणत्या अडचणीवरचे उत्तर आहेत, ती कशाची बनली आहेत आणि त्यांत कोणती युक्ती आहे, याची नोंद करण्यास सांगावे. यात गरिबीचे प्रदर्शन होत नाही. माणसाच्या कल्पकतेचा अभ्यास होतो. मातीच्या माठात पाणी गार का राहते हे ज्याला घरीच ठाऊक आहे, ते मूल अशा पाठात मागे राहत नाही, उलट पुढे येते.

४. मोजणी : प्रेक्षकाकडून सहभागी निरीक्षकाकडे

तिसऱ्या प्रकारची संकेतस्थळे मुलाकडून काही मागतात. ‘ग्लोब’ हा उपक्रम याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेत १९९४ च्या वसुंधरा दिनी त्याची घोषणा झाली आणि १९९५ च्या वसुंधरा दिनी तो सुरू झाला. नासा ही संस्था त्याच्या मुख्य पुरस्कर्त्यांपैकी आहे. पुढील काळात १२० हून अधिक देश त्यात सहभागी झाले व त्यांत भारताचाही समावेश आहे. शाळकरी मुलांनी तापमान, पाऊस, ढग, माती व पाणी यांची ठरावीक पद्धतीने निरीक्षणे घ्यावीत, संकेतस्थळावर नोंदवावीत आणि ती सर्वांना अभ्यासासाठी खुली असावीत, अशी ही योजना आहे.

या उपक्रमाचे शैक्षणिक मोल त्याच्या शिस्तीत आहे. पावसाच्या नोंदीचा एक नियम पाहण्यासारखा आहे. पाऊस पडला नसेल तर ‘शून्य’ लिहावयाचे. मोजता येणार नाही इतका अल्प पडला असेल तर त्यासाठी वेगळी खूण. आणि त्या दिवशी मोजणीच झाली नसेल तर तिसरी खूण. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘आम्ही पाहिले नाही’ यांतील हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि, सुटीच्या दिवसाची रिकामी जागा शून्याने भरली तर त्या गावाचा पाऊस कागदावर कमी होतो आणि दूरदेशीचा अभ्यासक चुकीच्या निष्कर्षाला पोहोचतो. आपण लिहिलेल्या आकड्यावर कोणीतरी विसंबणार आहे, ही जबाबदारीची जाणीव नुसत्या वाचनाने येत नाही.

तापमानाची नोंद स्थानिक मध्यान्हाच्या एक तास आतबाहेर घ्यावी, असा दुसरा नियम आहे. यातून घड्याळ आणि सूर्य यांचे नाते उलगडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. कोल्हापूर ७४.२ अंशांवर असल्याने तेथे सूर्य माथ्याशी येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबारा वाजून गेलेले असतात. आसाममधील दिब्रुगडला मात्र अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमारासच मध्यान्ह होतो. देश एक, घड्याळ एक, परंतु दुपार दोन वेळांना, हे कळण्यासाठी संकेतस्थळापेक्षा अंगणातील काठी अधिक उपयोगी पडते. संकेतस्थळाचे काम दुसऱ्या गावाची दुपार कळविण्याचे.

पावसाच्या तुलनेतूनही असाच बोध होतो. ‘सतत पाऊस’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटरहून अधिक व मुंबईत २००० मिलिमीटरहून अधिक. फरक केवळ पावसाच्या प्रमाणात नाही, वाटणीतही आहे. लंडनला तो बाराही महिने थोडाथोडा येतो, आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो. ‘पावसाळा’ हा ऋतू जगात सर्वत्र नसतो, हे मुलाला तेव्हा उमगते आणि आपल्याकडील तळी, विहिरी व धरणे कशासाठी, याचेही उत्तर मिळते.

दूरच्या शाळेशी जोडले जाण्याची गरज सर्वांत स्पष्टपणे दाखविणारा प्रयोग सावलीचा आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनीस याने सायीन व अलेक्झांड्रिया येथील मध्यान्हीच्या सूर्यकिरणांतील ७.२ अंशांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला. हा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग असल्याने दोन गावांमधील ५००० स्टेडिया हे अंतर पन्नास पट केले की परीघ मिळतो. हाच प्रयोग विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास, शाळांना करता येतो. १०० सेंटिमीटर उंचीच्या उभ्या काठीची मध्यान्हीची सावली त्या दिवशी कोल्हापुरात सुमारे ३० सेंटिमीटर, तर नाशिकला सुमारे ३६.४ सेंटिमीटर पडते. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. कोनांतील फरक ३.३ अंश आणि दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३६६ किलोमीटर धरले तर पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या जवळपास येतो.

येथे एक अडचण उद्भवते. सावली मोजताना एक सेंटिमीटरची चूक झाली तर कोन सुमारे अर्ध्या अंशाने बदलतो आणि ३.३ अंशांच्या फरकात ही चूक सुमारे सोळा टक्क्यांची ठरते. आता कोल्हापूरच्या शाळेने नाशिकऐवजी अमृतसरच्या शाळेशी जोडी जमविली असे समजू. अमृतसरही साधारण त्याच रेखावृत्तावर असून तेथे त्या दिवशी सावली सुमारे ६१.५ सेंटिमीटर पडते. कोनांतील फरक १४.९ अंशांचा होतो आणि तीच चूक साडेतीन टक्क्यांवर येते. सोबती जितका दूरचा, तितके उत्तर अचूक. दूरच्या जगाशी संबंध का जोडावयाचा, याचे हे मोजता येणारे उत्तर आहे. एकट्या गावाला आपण राहतो त्या पृथ्वीचे माप काढता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या गावाचे प्रामाणिक निरीक्षण लागते. संकेतस्थळाचा सर्वांत सार्थ उपयोग असा दुवा जुळविण्यातच आहे.

५. व्यवहारातील अडचणी

पहिली अडचण भाषेची. इंग्रजी मजकूर न कळल्यास मूल केवळ चित्रे पाहते आणि चित्रांवरून झालेला ग्रह दुरुस्त होत नाही. मराठीत आधार अगदीच नाही असे नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश आंतरजालावर उपलब्ध आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून, तर प्रथम बुक्सचा ‘स्टोरीवीव्हर’ हा अनेक भाषांतील मुक्त बालपुस्तकांचा संग्रह २०१५ पासून सुरू आहे. अक्षवृत्त, रेखावृत्त, पर्जन्यमापक, मध्यान्ह हे शब्द मुलांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक होतात. इंग्रजी संकेतस्थळ वापरतानाही वर्गातील चर्चा व नोंदी याच शब्दांत झाल्यास विषय मुलाच्या भाषेत रुजतो.

दुसरी अडचण अस्थैर्याची. पुस्तक ग्रंथालयात राहते. संकेतस्थळ मात्र नाहीसे होऊ शकते. संयुक्त राष्ट्रसंघाने शाळांसाठी १९९६ साली सुरू केलेले ‘सायबरस्कूलबस’ आता चालू नाही. फ्लॅश या तंत्राला ३१ डिसेंबर २०२० नंतर आधार मिळणे थांबले, तेव्हा त्यावर रचलेले कितीतरी शैक्षणिक खेळ व हलती चित्रे निकामी झाली. म्हणून पाठाची आखणी संकेतस्थळाच्या पत्त्यावर नव्हे, तर कृतीवर करावी. पत्ता बदलला तरी काठी, पर्जन्यमापक आणि पृथ्वीगोल जागेवर राहतात.

तिसरी बाब मुलांच्या खासगी माहितीची. अनेक संकेतस्थळे नाव, वय, छायाचित्र किंवा ठिकाण विचारतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद केली आहे. निरीक्षणे मुलाच्या नावे न पाठविता शाळेच्या नावे पाठविणे हा साधा व सुरक्षित मार्ग होय.

६. महाविद्यालयांची भूमिका

हे काम केवळ प्राथमिक शिक्षकांवर सोपवून भागणार नाही. त्यांच्याजवळ वेळ थोडा असतो आणि साधने त्याहून थोडी. महाविद्यालयांत मात्र भूगोल, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व मराठी हे विभाग एकाच आवारात नांदतात. प्रक्षेपणाचा पाठ भूगोल विभागाने, सावलीचा प्रयोग भौतिकशास्त्र विभागाने, उत्पन्न व किमतींच्या तुलनेचे विवेचन अर्थशास्त्र विभागाने, पावसाच्या नोंदींची मांडणी संख्याशास्त्र विभागाने आणि सोप्या मराठीतील टिपणे मराठी विभागाने तयार केली, तर परिसरातील शाळांना आयता आधार मिळेल. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी एखाद्या शाळेत पर्जन्यमापक बसवून वर्षभर नोंदी ठेवण्यास साहाय्य करणे हा खर्चाने लहान पण परिणामाने मोठा उपक्रम ठरू शकतो. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी छात्राध्यापकांच्या पाठ-टाचणात ‘संकेतस्थळाचा वापर’ एवढाच उल्लेख न मागता पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मागावीत :

(१) हे संकेतस्थळ जग कोणाच्या जागेवरून दाखवते?

(२) ते पाहण्यापूर्वी मुलाने स्वतःच्या परिसरात कोणते निरीक्षण केलेले असेल?

(३) ते पाहिल्यानंतर मूल आपल्या परिसरात परत येऊन काय करील?

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो पाठ मनोरंजक असू शकेल, परंतु त्याने जगाचे आकलन वाढेल असे गृहीत धरता येणार नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शैक्षणिक संकेतस्थळांची उपयुक्तता त्यांतील माहितीच्या विपुलतेवर अवलंबून नाही. नकाशा पाहताना मूल प्रश्न विचारू लागले, दुसऱ्याचे घर पाहताना त्याला आपल्या घराची लाज वाटली नाही आणि दूरच्या शाळेला पाठविण्यासाठी त्याने आपल्या अंगणातील सावली काळजीपूर्वक मोजली, तर ती संकेतस्थळे आपले काम करीत आहेत. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र आंतरजालाने रद्द केलेले नाही. त्याने फक्त प्रवासाचे आरंभस्थान बदलले आहे. अज्ञातातून निघालेल्या मुलाला ज्ञातापर्यंत आणणे आणि तेथून पुन्हा बाहेर पाठविणे, हे काम आजही शिक्षकाकडेच आहे. येत्या विषुवदिनी आपल्या महाविद्यालयाच्या आवारात एक काठी उभी करून शेजारच्या शाळेतील मुलांना बोलाविणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते.